बोलोन्याच्या विद्यार्थ्यांचे राज्य

(पणजी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

सुज्ञ श्रोतेहो,

विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना स्थान किती, हा प्रश्न निघाला की आपली चर्चा बहुधा विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीपाशी थांबते. इटलीतील बोलोन्या शहरात तेराव्या शतकातच विद्यार्थी याच्या कितीतरी पुढे गेले होते, आणि तो अधिकार त्यांना कोणी दान दिलेला नव्हता.

तेथे कायदा शिकण्यासाठी आल्प्सपलीकडून आणि इटलीच्या अन्य शहरांतून विद्यार्थी येत. त्यांतील बरेच जण वयाने प्रौढ होते, काही तर चर्चमध्ये पदावर होते. परंतु परक्या शहरात त्यांना नागरिकत्वाचे संरक्षण नव्हते. एखाद्याने कर्ज बुडवले, तर त्याची वसुली त्याच्या देशबांधव विद्यार्थ्याकडून करण्याची रीत होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने बाराव्या शतकाच्या मध्यास तिला फर्मानाने मनाई केली खरी, पण दूरच्या सम्राटाचा शब्द रोजच्या व्यवहारात कितपत पुरणार? म्हणून मुंबईत गेलेल्या गोवेकरांनी जशा आपापल्या गावाच्या कुडी, म्हणजे गाववाल्यांची सामायिक निवासस्थाने, उभ्या केल्या, तशी या विद्यार्थ्यांनी प्रांतवार मंडळे बांधली, आणि त्यांच्या संघातून विद्यापीठ आकाराला आले. त्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, हा निवडून आलेला विद्यार्थीच असे. बोलोन्यात जन्मलेल्या विद्यार्थ्याला मात्र या संघात पूर्ण सभासदत्व नव्हते, कारण त्याच्या पाठीशी शहर होतेच.

अध्यापकांवर या संघाने घातलेली बंधने आज वाचताना थक्क व्हायला होते. घंटा होताच शिकवणे सुरू झाले पाहिजे आणि ठरल्या घंटेला थांबले पाहिजे. परवानगीवाचून एक दिवसही रजा नाही. नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेसुद्धा जमले नाहीत, तर अध्यापक गैरहजर समजून दंड. विधिग्रंथाचे भाग पाडून कोणता भाग किती दिवसांत संपवायचा हे आधीच ठरवलेले असे, आणि त्यासाठी अध्यापकाला वर्षारंभी सावकाराकडे अनामत ठेवावी लागे, जिच्यातून विलंबाचा दंड कापला जाई. अवघड उतारा ‘शेवटी पाहू’ म्हणून पुढे ढकलण्यासही मनाई होती. हे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण वर्गात बसून ज्याने खरोखर शिकले आहे, त्यालाच ते सुचू शकते. अध्यापकांवर नजर ठेवून रेक्टरला कळवण्यासाठी काही विद्यार्थी गुप्तपणे नेमलेले असत. ही हेरगिरी मला पटत नाही, पण अध्यापनाचा हिशेब मागणे आणि पाळत ठेवणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

एवढा वचक आला कोठून? अध्यापकाची मिळकत विद्यार्थ्यांच्या शुल्कावर होती, आणि विद्यार्थी शहर सोडून जाऊ शकत होते. विद्यापीठाच्या मालकीच्या इमारती नसल्याने मुक्काम हलवणे सोपे होते. १२२२ मध्ये विद्यार्थ्यांचा आणि अध्यापकांचा एक मोठा गट पादुआला गेला आणि तेथे नवे विद्यापीठ उभे राहिले. भाडेकरू आणि गिऱ्हाईक असे एकदम निघून गेले, तर घरमालकांचे आणि दुकानदारांचे काय होईल, हे नगरशासनाला नीट कळत होते.

एक दार मात्र विद्यार्थ्यांना कधीच उघडता आले नाही. परीक्षा अध्यापकांच्या मंडळाच्या हाती राहिली, आणि १२१९ पासून पदवीसाठी आर्चडीकन या धर्माधिकाऱ्याची संमती आवश्यक झाली. गोव्यातील महाविद्यालये १९८५ पूर्वी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे वर्ग एकीकडे आणि पदवीची सत्ता दुसरीकडे असणे म्हणजे काय, हे येथील जुन्या पिढीला वेगळे सांगायला नको.

पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीपासून नगरशासन काही अध्यापकांना स्वतःच्या तिजोरीतून वेतन देऊ लागले. विद्यार्थ्यांनी शहर सोडू नये, म्हणून नामवंत अध्यापक टिकवून धरण्याचा तो उपाय होता, आणि शुल्काचा भार हलका होत असल्याने विद्यार्थ्यांनाही तो सोयीचा वाटला. पण वेतनामागोमाग अध्यापक निवडण्याचा अधिकारही हळूहळू नगरशासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे गेला. दंडाची कलमे १४३२ च्या नियमावलीतही कायम आहेत, रेक्टरही विद्यार्थीच आहे. फक्त अध्यापकाचे पोट आता विद्यार्थ्यांवर अवलंबून राहिले नव्हते.