गार रात्रीची वाइन

(अंधार. कपाळाला दिवे बांधलेली माणसं वेलींच्या ओळींतून सरकताहेत.)

फेब्रुवारीतली पहाट, साडेचार वाजलेत. इंदूरपासून तासाभरावर, महूच्या पुढे, एका मुरमाड उतारावर वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू झालीय.

एवढ्या अंधारात का? ऊन चढलं की घड तापतात, आणि तापलेल्या द्राक्षाचा रस टाकीत पोचण्याआधीच बिघडायला लागतो. मालव्याच्या रात्री गार असतात हे इंदूरकरांना सांगायला नको. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या पठाराचा गारवाच द्राक्षात आंबटपणा राखतो. पांढऱ्या वाइनचा जीव त्या आंबटपणात.

(बाबांचे हात, अगदी जवळून.)

या घरातल्या बाबांनी एक मणी चिमटीत दाबला. दोन थेंब काचेवर टाकले, वर झाकण टेकवलं आणि गोडी मोजायची नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली. निळ्या-पांढऱ्याची सीमा 21 च्या रेघेवर, म्हणजे रसात साधारण एकवीस टक्के साखर. "भरली गोडी. आजच तोडा."

पणजोबा होळकरशाहीत कारकून होते. जमीन आजोबांनी घेतली. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात लसूण, आणि भाव पडला की घरात चिडीचूप. सपाटीवरची काळी माती पाणी धरून ठेवते, तिथे वेलाला नुसता पाला सुटतो. हा उतार मात्र नापीक म्हणून पडून होता. घरातल्या धाकट्या भावाने नाशिकची द्राक्षशेती पाहिली, तिथून कलमं आणली आणि ती नेमकी इथे लावली. आजी तेव्हा महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. आता पहाटे तोडणीवाल्यांचा पहिला चहा त्याच टाकतात.

जात शेनिन ब्लांक. मूळ फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली, पण उन्हाळी मुलखात रुळलेली. गणपती आटोपले की गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, आणि साडेचार महिन्यांनी हे घड.

(प्रेस. रसाची धार.)

इथून पुढचं सगळं मोठ्या सूनबाईंच्या हातात. देठ वेगळे होतात आणि द्राक्षं हलक्या दाबाने पिळली जातात. जोर लावला तर बियांचा कडवटपणा रसात उतरतो. रस रात्रभर गारठ्यात निवळतो, गाळ खाली बसतो. मग यीस्ट. इथे घाई चालत नाही. टाकीभोवती गार पाणी खेळवून तापमान पंधरा अंशांच्या आसपास ठेवायचं, म्हणजे रस दोन-तीन आठवडे सावकाश आंबतो. उकळला तर पेरूचा, हिरव्या सफरचंदाचा वास हवेत उडून जातो. रात्री दोनला वीज गेली तर सूनबाई धावत इथे येतात. जनरेटरचा आवाज ऐकलात ना, तो अशाच एका रात्रीचा.

आणि किंमत? बाटली स्वस्त आहे म्हणून लोक नाक मुरडतात. हिशेब साधा आहे. काही वाइन ओक लाकडाच्या पिंपात मुरवतात. अशा एका पिंपात 225 लिटर वाइन मावते, म्हणजे 300 बाटल्या. पिंप परदेशातून येतं आणि तीन-चार वर्षांत त्याचा स्वाद संपतो. तो खर्च गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. या वाइनला पिंप लागतच नाही. स्टीलच्या टाकीतून ती थेट बाटलीत जाते, आणि त्याच वर्षी ताजी प्यायची असते. पैसा कुठे अडकून पडत नाही, घरचेच हात राबतात. स्वस्ताई आली ती इथून. मालात काटकसर नाही.

(जेवणाचं टेबल. भुट्ट्याचा कीस, वर लिंबू. पेल्यावर दहिवर.)

भुरी, डाउनी हे वेलीचे बुरशीरोग, फवारण्या, विहिरीची खालावणारी पातळी, शेजाऱ्यांची नाराजी, हेही आहेच. दारू ती दारू, हे आजींचं मत अजून बदललेलं नाही.

(आजी चहाची कपबशी घेऊन दारात.)

एप्रिलमध्ये खरड छाटणी, वेल पुन्हा फुटावा म्हणून. ओट्यावर बसून बाबा कात्र्यांना धार लावताहेत.