समासातले गुण : दहावीच्या गणिताची उत्तरपत्रिका कशी तपासली जाते

पडद्यावर दिसते आहे ते दहावीच्या बीजगणितातले नेहमीचे उदाहरण आहे. दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४ आहे, तर त्या संख्या कोणत्या? उत्तर १० आणि १२. या उत्तराविषयी कोणत्याही दोन शिक्षकांमध्ये मतभेद होणार नाही. मतभेद होतो तो उत्तरापर्यंत नेणाऱ्या पाच-सहा ओळींविषयी, आणि गणिताच्या परीक्षेत बहुतेक गुण त्याच ओळींसाठी ठेवलेले असतात. त्या ओळी वाचून समासात गुण लिहिणाऱ्या परीक्षकाचे काम ही चित्रफीत समजून घेऊ पाहते. यात दाखवलेली सर्व उत्तरे चित्रीकरणासाठी तयार केली आहेत. ती कोणत्याही विद्यार्थ्याच्या खऱ्या उत्तरपत्रिकेतील नाहीत.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी बसतात. गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. भाग १ मध्ये बीजगणित आणि भाग २ मध्ये भूमिती असते, प्रत्येक प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि दोन तासांची असते, आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनातून मिळतात. चाळीसपैकी केवळ चार गुण बहुपर्यायी प्रश्नांसाठी आहेत. म्हणजे प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ३६ गुणांसाठी कोणा शिक्षकाला मुलाचे हस्ताक्षर वाचावे लागते, त्याचा विचार कुठपर्यंत बरोबर होता हे ठरवावे लागते आणि तो निर्णय अर्ध्या-अर्ध्या गुणांत मांडावा लागतो.

गणित हा काटेकोर विषय असल्यामुळे त्याचे गुणही आपोआप काटेकोर असतील, असा समज पूर्वीपासून आहे. तो तपासून पाहण्याचे काम अमेरिकेतील डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोन अभ्यासकांनी केले. भूमितीची एकच उत्तरपत्रिका त्यांनी अनेक शाळांतील गणिताच्या शिक्षकांकडे तपासण्यासाठी पाठवली आणि त्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभराहून अधिक शिक्षकांनी त्या एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी दिलेले गुण २८ पासून ९० च्याही पुढे पसरले होते. काही शिक्षकांनी आकृतीच्या आणि मांडणीच्या नीटनेटकेपणाचे गुण कापले होते, तर काहींनी केवळ सिद्धतेची बरोबर-चूक पाहिली होती. त्या शिक्षकांना भूमिती येत होती, यात शंका नाही. गुण नेमका कशासाठी द्यायचा, हे मात्र त्यांच्यात आधी ठरलेले नव्हते, आणि एवढ्या एका उणिवेने एकाच मुलाला अनुत्तीर्णही ठरवता येत होते आणि गुणवंतही.

मंडळाच्या पद्धतीत परीक्षक, त्यांच्यावर नियामक आणि त्यांच्यावर मुख्य नियामक अशी रचना असते ती यासाठीच. आदर्श उत्तरपत्रिका आणि तिच्यासोबत पायरीनुसार गुणांची विभागणी तयार केली जाते, परीक्षकांना ती समजावून दिली जाते आणि परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही नियामक पुन्हा तपासून पाहतात. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने नाव लिहायचे नसते, त्यामुळे ओळखीचा प्रश्न दूर होतो. पण मुलाची ओळख झाकली म्हणून परीक्षकाचा स्वभाव झाकला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या एका प्रकरणात निकाल देताना याच मुद्द्याची सविस्तर चर्चा केली आहे. एकाच विषयाच्या उत्तरपत्रिका अनेक परीक्षक तपासतात, तेव्हा काही परीक्षक सढळ असतात, काही कठोर असतात, आणि हा फरक कमी करण्यासाठी परीक्षकांची बैठक, नमुना उत्तरपत्रिकांची तपासणी आणि मुख्य परीक्षकाची फेरतपासणी हा मार्ग न्यायालयाने तेथे स्पष्ट केला आहे.

आता मूळ उदाहरणाकडे वळू. ते तीन गुणांसाठी विचारले आहे आणि गुणांची विभागणी अशी ठरली आहे असे समजू: समीकरण मांडण्यासाठी एक गुण, प्रमाणरूपासाठी अर्धा, अवयवांसाठी अर्धा, दोन्ही मुळांसाठी अर्धा, आणि ऋण मूळ कारणासह नाकारून योग्य संख्या लिहिण्यासाठी अर्धा. पहिली संख्या क्ष मानली की क्ष² + (क्ष + २)² = २४४ हे समीकरण मिळते, त्यावरून क्ष² + २क्ष − १२० = ० हे प्रमाणरूप, मग (क्ष + १२)(क्ष − १०) हे अवयव आणि −१२ व १० ही मुळे. ज्या मुलाने हे सर्व याच क्रमाने लिहिले, त्याच्याबाबत विचार करण्यासारखे काही उरत नाही.

दुसऱ्या उत्तरात प्रमाणरूपापर्यंत सारे बरोबर आहे, पण अवयव (क्ष − १२)(क्ष + १०) असे उलट चिन्हांचे लिहिले आहेत. त्यावरून १२ आणि −१० ही मुळे काढली आहेत, ऋण मूळ नैसर्गिक संख्या नाही म्हणून सोडले आहे आणि १२ व १४ हे उत्तर दिले आहे. एक परीक्षक चूक दिसताच थांबतो आणि दीड गुण देतो. दुसरा म्हणतो की अवयव चुकले, तरी त्या अवयवांवरून मुळे काढण्याची रीत बरोबर आहे, म्हणून तो अर्धा गुण दिला पाहिजे, आणि त्याच्याकडे दोन गुण होतात. तिसरा ऋण मूळ नाकारण्याचाही अर्धा देतो आणि अडीचवर पोहोचतो. माझ्या मते दोन गुण योग्य आहेत. एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी, हे तत्त्व मुळांच्या पायरीला लागू होते. शेवटचा अर्धा गुण मात्र विभागणीत योग्य संख्यांसाठी ठेवला आहे आणि १२ व १४ यांच्या वर्गांची बेरीज ३४० होते, हे विद्यार्थ्याला एका ओळीत पडताळता आले असते. दुसऱ्या कोणी अडीच गुणांची बाजू मांडली, तर ती मी ऐकून घेईन. पण त्या वर्षी त्या प्रश्नाला राज्यभर एकच निर्णय लागला पाहिजे, मग तो दोनाचा असो वा अडीचाचा.

तिसऱ्या उत्तरातली चूक वरवर तशीच वाटते, पण तिचा परिणाम वेगळा आहे. येथे (क्ष + २)² चा विस्तार क्ष² + ४ असा केला आहे. मधले पद गळाल्यामुळे समीकरण २क्ष² + ४ = २४४ असे झाले आणि क्ष² = १२० वर येऊन थांबले. अवयव पाडण्याची गरजच उरली नाही. प्रश्नाला जे कौशल्य तपासायचे होते, ते या चुकीने प्रश्नातूनच काढून टाकले, म्हणून पुढच्या पायऱ्यांचे गुण ‘चूक पुढे वाहून आली’ या सवलतीखाली देता येत नाहीत. समीकरण बरोबर मांडल्याचा एक गुण मिळतो आणि तेथेच हिशेब संपतो. मूळ काम तेवढेच अवघड राहिले असेल तर सवलत द्यावी, चुकीमुळे ते सोपे झाले असेल तर देऊ नये, हा नियम परीक्षकांच्या बैठकीत उदाहरणासह सांगितला गेला, तर पुढचे कितीतरी वाद टळतात.

चौथ्या उत्तरात क्षच नाही. १०² + १२² = १०० + १४४ = २४४, म्हणून त्या संख्या १० आणि १२, एवढेच लिहिले आहे. येथे परीक्षकांची मते सर्वांत दूर जातात. कोणी अर्धा गुण देतो, कोणी पूर्ण तीन. याला शेजारीच ठेवलेले पाचवे उत्तर पाहावे. त्यात आधी ८ आणि १० घेऊन बेरीज १६४ येते, ती कमी पडते; १२ आणि १४ घेऊन ३४० येते, ती जास्त होते; आणि संख्या वाढवत गेल्यास बेरीज वाढतच जाते, म्हणून १० आणि १२ वगळता दुसरी जोडी असू शकत नाही, असे लिहिले आहे. ही संपूर्ण सिद्धता आहे. प्रश्नात ‘वर्गसमीकरण तयार करून’ असे शब्द नसतील, तर या विद्यार्थ्याचा एकही गुण कापण्याचा अधिकार परीक्षकाला नाही. चौथ्याने उत्तर शोधले आणि पडताळले, पण तेच एकमेव उत्तर आहे हे दाखवले नाही. त्याला किती द्यायचे हे गुणविभागणीत लिहिलेले असावे. ते लिहिलेले नसेल, तर उणीव प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या बाजूची आहे आणि तिचा भार मुलावर पडू नये.

सहावे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. या मुलीने दोन्ही संख्यांच्या मधली संख्या क्ष मानली. मग संख्या क्ष − १ आणि क्ष + १ झाल्या, वर्गांच्या बेरजेत मधली पदे एकमेकांना छेदून गेली, २क्ष² + २ = २४४ राहिले, क्ष² = १२१ मिळाले आणि क्ष = ११ वरून १० व १२ हे उत्तर चार ओळींत आले. आदर्श उत्तरातील अवयवांची ओळ यात कोठेही नाही. गठ्ठ्यातल्या प्रत्येक पानावर (क्ष + १२)(क्ष − १०) शोधण्याची सवय लागलेला परीक्षक येथे घाईने अर्धा गुण कापतो, आणि ज्या मुलीने प्रश्नाचा सर्वांत खोल विचार केला, तिच्यावरच अन्याय होतो. पर्यायी रीत बरोबर असल्यास पूर्ण गुण द्यावेत, ही सूचना सर्वांना ठाऊक असते; पण तिचे पालन करण्यासाठी परीक्षकाने थांबून ती रीत स्वतः करून पाहावी लागते, आणि त्यासाठी वेळ मिळणे ही त्याची एकट्याची जबाबदारी नाही.

इंग्लंडमधील परीक्षा मंडळांच्या गुणदान योजनांत पद्धतीचा गुण आणि अचूकतेचा गुण वेगळे दाखवलेले असतात. योग्य रीत वापरली, पण आकडेमोड चुकली, तर पद्धतीचा गुण टिकतो. अचूकतेचा गुण मात्र पद्धतीचा गुण मिळाला असेल तरच मिळतो. संगणकाच्या पडद्यावर तपासणी करताना आधीच गुण ठरवलेली काही उत्तरे परीक्षकाच्या नकळत त्याच्यासमोर येतात आणि त्याचे गुण ठरलेल्या गुणांपासून फार दूर गेले, तर त्याचे काम थांबवले जाते. आपल्याकडे कागदाचे गठ्ठे असले, तरी नियामकाला हेच वेगळ्या प्रकारे साधता येते. पण त्यासाठी नमुना तपासणी सुरुवातीच्या दिवसांतच व्हायला हवी. परीक्षकाचा गठ्ठा संपल्यावर दिसलेला कल दुरुस्त करायचा, तर सगळा गठ्ठा पुन्हा उघडावा लागतो.

भूमितीत अडचणींचे स्वरूप बदलते. दोन त्रिकोण को-को कसोटीने समरूप आहेत असे मुलाने लिहिले, दोन्ही कोनांच्या जोड्या आणि त्यांची कारणेही बरोबर दिली, पण त्रिकोण अबक आणि त्रिकोण तथद यांच्या शिरोबिंदूंचा क्रम चुकवला आणि पुढे बाजूंची गुणोत्तरे मात्र बरोबर लिहिली. क्रम हा समरूपतेच्या विधानाचाच भाग आहे, म्हणून विधानाचा अर्धा गुण जावा आणि गुणोत्तरांचा राहावा, असे मला वाटते. जे सिद्ध करायचे आहे तेच एखाद्या पायरीत गृहीत धरले असेल, तर पुढच्या दहा ओळी कितीही सुबक असल्या तरी त्यांना गुण देता येत नाहीत. लांबलचक उत्तराची भीड परीक्षकाला पडते ती नेमकी येथे. रचनेच्या प्रश्नात किती मिलिमीटरचा फरक चालेल, हे आधी ठरवावे लागते. वर्तुळावरच्या उदाहरणात पायची किंमत ३.१४ घेतली की २२/७, यावर शेवटचे अंक बदलतात. प्रश्नात किंमत दिली नसेल, तर दोन्ही उत्तरे आदर्श उत्तरपत्रिकेत नोंदवलेली असावीत.

आता परीक्षकाच्या टेबलाकडे पाहू. एक उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासून मग दुसरी उघडणे ही सर्वसाधारण सवय आहे. तिच्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांत हुशार वाटलेल्या मुलाला पुढच्या चुकीत नकळत सवलत मिळते आणि सुरुवातीला अडखळलेल्याला मिळत नाही. एकच प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात सलग तपासला, तर त्या प्रश्नाची गुणविभागणी डोळ्यांसमोर ताजी राहते आणि मुलाची प्रतिमा मध्ये येत नाही. याला हाताळणीचा वेळ थोडा अधिक लागतो, तरीही तीन-चार गुणांच्या प्रश्नांसाठी तो द्यावा, असा माझा आग्रह आहे. सलग खूप चुका वाचल्यानंतर आलेले मध्यम उत्तर उत्तम वाटते, थकल्यावर समासातला पेन कधी सैल होतो, कधी कडक. म्हणून गठ्ठा संपल्यावर सुरुवातीच्या काही उत्तरपत्रिका पुन्हा उघडून पाहणे आणि मध्येच बदललेला निर्णय मागच्या सर्वांना लावणे आवश्यक असते.

उत्तीर्णतेच्या सीमेवर करुणेचा प्रश्न येतो. थोडक्यात नापास होणाऱ्या मुलासाठी कोठूनतरी एक गुण शोधावा, असे वाटणारा शिक्षक वाईट नसतो. पण त्याच रेषेवर असलेल्या, दुसऱ्या परीक्षकाकडे गेलेल्या मुलाला तो गुण मिळत नाही. अशा मुलांना सवलत द्यायची असेल, तर ती मंडळाच्या लेखी नियमाने, सर्वांना सारखी आणि तपासणी पूर्ण झाल्यानंतर दिली जावी. परीक्षकाने पायरीचा गुण पायरीसाठीच द्यावा.

तपासणी संपल्यानंतर विद्यार्थ्याला काय पाहता यावे, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८४ मध्ये न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून, उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा आणि पुनर्मूल्यांकन नाकारण्याचा मंडळाचा नियम वैध ठरवला. पुढे माहितीचा अधिकार आला, आणि २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि विद्यार्थ्याला ती पाहण्याचा अधिकार आहे, असे सांगितले. परीक्षकाची ओळख मात्र सुरक्षित ठेवली. आज राज्य मंडळात गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तिन्ही सोयी आहेत. गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचे राहून गेलेले प्रश्न पाहिले जातात. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते.

त्या छायाप्रतीत प्रत्येक पायरीसमोर गुण लिहिलेला असेल आणि चूक जेथे झाली तेथे खूण असेल, तर विद्यार्थ्याला आणि त्याच्या शिक्षकाला आदर्श उत्तरपत्रिकेशी ओळ-ओळ ताडून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा की नाही हे ठरवता येते. प्रश्नाच्या शेवटी केवळ ‘दीड’ असा एक आकडा असेल, तर त्यांना तो कशाचा आहे याचा अंदाज बांधावा लागतो आणि फेरतपासणी करणाऱ्यालाही पहिल्या परीक्षकाचा विचार कळत नाही. केंद्रीय मंडळ मागील वर्षांच्या गुणदान योजना आपल्या संकेतस्थळावर ठेवते. प्रत्येक मंडळाने निकालासोबतच अशी योजना प्रसिद्ध करावी, आणि तिच्यात मूळ आदर्श उत्तरांबरोबरच परीक्षकांच्या बैठकीत मान्य झालेल्या पर्यायी रीती, मधली संख्या क्ष मानणारी ती चार ओळींची रीतसुद्धा, त्यांच्या गुणांसह छापलेल्या असाव्यात.