सुकतीची वाट

(पडद्यावर: ओला, काळा कातळ. एक लाट येते, फुटते, परतते. तिचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा. निवेदन त्यानंतर.)

रायगड जिल्ह्याचं दक्षिण टोक. सावित्री नदी समुद्राला मिळते, तिथे हरिहरेश्वर आहे. लोक याला दक्षिण काशी म्हणतात. श्रीवर्धनच्या भट घराण्याचं, म्हणजे पेशव्यांचं हे कुलदैवत. रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि निघताना पुन्हा काळभैरवाचं.

पण इथल्या दर्शनाचा एक भाग गाभाऱ्याबाहेर आहे. देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने वळसा घालणारी ही प्रदक्षिणेची वाट. दिवसातले बरेच तास ती पाण्याखाली किंवा लाटांच्या माऱ्यात असते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की उघडते, भरती चढली की मिटते. देवळाचे दरवाजे पुजारी उघडतो, या वाटेचे समुद्र.

(पडद्यावर: भिंतीवरचं कालनिर्णयाचं पान, तिथीवर ठेवलेलं बोट.)

म्हणून इथे येण्याची तयारी घड्याळाआधी तिथीपासून करायची. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. येईल तितके वाजता भरती पूर्ण होते. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून नव्याने मोजायचं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी साधारण सहाला पाणी भरलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीत सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ मिळते. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ पन्नासएक मिनिटं पुढे सरकते.

हा हिशेब अंदाजाचा. जागेप्रमाणे पाऊण तास, कधी तासभर इकडेतिकडे होतो. निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरची वेळ पाहावी आणि देवळाच्या आवारातल्या दुकानदाराला विचारावं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. त्यात रायगडच्या किनाऱ्याचं नाव असेल तर त्या दिवशी खाली उतरायचं नाही, ओहोटी कितीही खोल असली तरी.

सगळ्यात चांगली वेळ विचाराल तर हिवाळ्यातली शुक्ल त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे ओहोटी दुपारी चारच्या सुमारास. तीनला वाटेवर उतरायचं, पाचच्या आत वाळूवर यायचं. पौर्णिमेजवळची ओहोटी उधाणाची असते, पाणी नेहमीपेक्षा लांब हटतं आणि एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो. ऊन तिरपं असतं. सूर्य मावळायला अजून तासभर असतो.

(पडद्यावर: डोंगरावर चढणाऱ्या पायऱ्या, मग अचानक उतार. दोन कड्यांमधली अरुंद फट. तळाशी पांढरा उजेड.)

देवळाच्या मागून पायऱ्या वर जातात आणि माथ्यावरून एकदम खाली घसरतात. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी जागा. हिला गणेशगल्ली म्हणतात. समुद्र दिसण्याआधी इथे तो ऐकू येतो. लाट कड्याच्या पायथ्याशी आदळते, तेव्हा फटींत कोंडलेली हवा दाबली जाते आणि लाट परतताच सुटते. तोफेसारखा हा दबका आवाज त्या हवेचा आहे. पायऱ्यांवर थांबा. हात कड्याला लावून ठेवा. मोठी लाट आली की दगडाची थरथर तळहाताला कळते.

इथेच दहा-पंधरा मिनिटं उभं राहायचं. हा आमचा हट्ट समजा. लाटा एकसारख्या येत नाहीत, त्यांचे गट असतात. बराच वेळ लहान, मग दोनतीन थोराड. मोठ्या लाटा पुन्हा यायला कित्येक मिनिटं जातात. दोन मिनिटं पाहून उतरणाऱ्याला समुद्र शांत वाटतो, कारण त्याने फक्त लहान लाटा पाहिलेल्या असतात. दुसरी खूण कातळावर असते. ओल्या आणि कोरड्या दगडाची सीमारेषा शोधा. वाट ओली आहे आणि ओहोटी तर तासाभरापूर्वीच खाली गेली आहे, असं दिसलं तर एखादी लाट नुकतीच तिथवर येऊन गेलेली आहे.

वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि तरी लाटा दणदणीत. हिवाळ्यात असं होतं, आणि पर्यटक इथेच फसतो. या लाटा इथल्या वाऱ्याने उठवलेल्या नसतात. अरबस्तानाकडे शमाल नावाचे वायव्येचे वारे सुटतात, त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून या कातळावर येतात. काही तर त्याहून लांबून, दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांतून निघालेल्या असतात. प्रवासात पाणी फारसं पुढे सरकत नाही, ते जागच्या जागी गोल फिरतं. पुढे जाते ती ऊर्जा. खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास उरली की लाटेचा पाय अडखळतो, डोकं पुढे जातं आणि ती कोसळते. हजारो किलोमीटर सांभाळून आणलेलं सगळं बळ तुमच्यासमोर दोनतीन सेकंदांत मोकळं होतं.

(पडद्यावर: लाट फुटण्याचं संथ चित्रण. इथे निवेदन नाही.)

(पडद्यावर: कड्याची भिंत. जाळीसारखी भोकं. कॅमेरा अगदी जवळ.)

आता डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या. प्रदक्षिणा असल्यामुळे दिशा ठरलेली आहे. आणि उजवीकडे ही भिंत.

हा दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मधमाशीच्या पोळ्यासारखी ही जाळी पाहून ती कोणी कोरली असावी असं वाटतं. कोरणारं मीठ आहे. लाटेचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक वाढताना आजूबाजूचे कण ढकलून सुटे करतात. एक खळगा झाला की त्याच्या आत सावली पडते, तिथे ओल जास्त टिकते, म्हणून मीठ आतच जास्त काम करतं. खळगा खोल होत जातो, मधल्या भिंती पातळ होऊन उरतात. बोट फिरवून पाहा. कडा खरखरीत आहे, आतून पिठासारखा भुगा हाताला लागतो. तो चाटला तर खारट लागतो. बोट फिरवा, पण पाय ठेवू नका. कित्येक शतकांची ही नक्षी एका टाचेने तुटते.

त्याच्या खाली, साधारण भरतीच्या पातळीला, कड्याच्या पायाशी आडवी खाच दिसते. लाटा वाळू आणि गोटे घेऊन येतात आणि याच उंचीवर रोज घासतात. खाच आत सरकत जाते, वरचा कडा आधाराविना पुढे झुकतो, एक दिवस सुटतो. खाली पडलेले हे अजस्र धोंडे तिथूनच आलेले. कडा मागे हटत गेला आणि त्याच्या पायाचा जो सपाट कातळ शिल्लक राहिला, त्यावर तुम्ही आत्ता उभे आहात. म्हणजे ही वाट समुद्रानेच पाडली आहे. झुकलेल्या कड्याखाली बसायचं नाही, डबाही तिथे सोडायचा नाही.

कातळात गोल रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात अडकलेला एखादा गोटा लाटेगणिक फिरत राहतो आणि दगडाला घासून रांजण करतो. काहींच्या तळाशी तो गोटा अजून आहे, लिंबासारखा गुळगुळीत. उचलून खिशात घालू नये. त्याचं काम चालू आहे.

(पडद्यावर: खळग्यातलं नितळ पाणी. आकाशाचं प्रतिबिंब हलतं, मग खाली तळ दिसू लागतो.)

ओहोटीने मागे ठेवलेल्या एका खळग्याशी उकिडवे बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच मिनिटं हलू नका. पहिल्या मिनिटाला काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो, तेव्हा कळतं की आत दुसराच कोणी राहतो आहे. कडेला बोटाएवढं समुद्रफूल पाकळ्या उघडतं. पाकळ्या म्हणजे त्याचे शिकार पकडणारे हात. कातळाच्या रंगाचा मासा इतका वेळ तुमच्यासमोरच असतो, फक्त आत्ता दिसतो. ओहोटीत या पाण्याचं तापमान चढतं, उन्हाने खारेपणा वाढतो, हवा कमी पडते. हे जीव ते सगळं सोसतात, कारण सहा तासांनी समुद्र परत येणार हे त्यांच्या शरीरात लिहिलेलं आहे. हात घालून ढवळलं तर ती शिकस्त आपण आणखी कठीण करतो. आणि बाटलीत भरून घरी नेलेलं यातलं काही जगत नाही.

(पडद्यावर: फक्त पावलं. कातळावर, एकामागून एक.)

आता चालण्याविषयी. कातळावर रंग वाचता आला पाहिजे. फिकट, खरखरीत पट्टा, जिथे चुन्याच्या इवल्या सुळक्यांसारखे जीव चिकटलेले असतात, तिथे पकड उत्तम. हिरवा भाग निसरडा, हे सगळ्यांना माहीत असतं. दगा देतो तो काळा, किंचित चकाकणारा. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ त्यावर असतं, कोरडं असताना ते दगडच वाटतं आणि पहिल्या तुषारात साबण होतं. कालवांच्या शिंपल्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. घसरल्यावर आधाराला हात टेकतो तो नेमका त्यांच्यावर. अनवाणी चालायचा नेम असेल तर तो पायऱ्यांपर्यंत पाळावा, कातळावर रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. पाऊल सपाट टाकायचं, टाचेवर नाही. दोन हात मोकळे. मोबाइल खिशात. आणि समुद्राकडे पाठ कधीच करायची नाही, फोटोसाठी तर नाहीच.

पाणी परतू लागलं की वेग लक्षात घ्या. भरतीच्या एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एकच भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. म्हणून ओहोटीनंतरचा पहिला तास फसवा असतो, काही बदललंय असं वाटत नाही. निम्मी चढण मधल्या दोन तासांत होते. त्याआधी वाटेवरून बाहेर असायला हवं. पावसाळ्याचे चार महिने ही वाट आपल्यासाठी नाही. नारळी पौर्णिमेलाही समुद्र पूर्ण निवलेला नसतो. इथून माणसं वाहून गेली आहेत, आणि बहुतेकदा ती ओल्या कातळाच्या कडेवर उभी होती.

(पडद्यावर: वाट संपते. पुळण. ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्यांची नक्षी.)

शेवटच्या धोंड्यांनंतर पायाखाली वाळू येते. या गोळ्या इवल्या खेकड्यांच्या. ओहोटीत ते बिळाबाहेर येतात, वाळूतलं अन्न चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळापासून बाहेर जाणाऱ्या रेषा, रेषांभोवती गोळ्या. दर ओहोटीला नवी रांगोळी, दर भरतीला पुसलेली. वाळूवर गाडी घातली की ही बिळं दबतात.

पोहायचं असेल तर गावकऱ्यांना विचारून, कंबरेपर्यंत. नदीचं मुख जवळ आहे, ओहोटीला पाणी जोरात बाहेर जातं. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा शांत, गडद पट्टा दिसला तर तिथे आत ओढणारा प्रवाह असतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग लाटांबरोबर परत.

आता बसा. पुळणीच्या वर मर्यादवेल पसरली आहे, जांभळी फुलं, जाड पानं. उधाणाचं पाणी जिथवर येतं त्याच्या जरा वर ती रुजते, म्हणून हे नाव. तिच्या अलीकडे बसलं तर पाणी पायाशी येतं.

तासाभरात उरकून दिवेआगर गाठायची घाई असते अनेकांना. आमची एवढीच विनंती आहे, एक भरती पूर्ण पाहा. संगीत बंद, बोलणं बंद. सूर्य क्षितिजाला टेकला की बुडायला त्याला अडीचएक मिनिटं लागतात. हवेच्या थरांतून वाकून आलेल्या प्रकाशामुळे तो खालून चपटा दिसतो, तेलाच्या थेंबासारखा. मागे डोंगरावर त्रयोदशीचा चंद्र केव्हाचा वर आलेला असतो.

(पडद्यावर: अंधार. चंद्रप्रकाशात गणेशगल्लीच्या खालच्या पायऱ्या, वरच्या पायरीवरून घेतलेल्या.)

रात्रीचे साडेनऊ. दुपारी जिथे पाऊल होतं, त्या कातळावर आता पाणी आहे. खळगे समुद्रात परत गेले, रांजणातला गोटा पुन्हा फिरू लागला असेल. आणखी पाऊण तासाने भरती पूर्ण होईल.

(लाटेचा आवाज. निवेदन नाही.)