सांभाळणारं माणूसच आजारी पडलं तर? म्हाताऱ्या माणसासाठी दुसरी फळी

नमस्कार मंडळी.

घरात म्हातारं माणूस आहे, त्याचं सगळं बघणारं माणूसही आहे. बहुतेक घरांत ती सून असते. एके दिवशी तिलाच डेंग्यू होतो, सलाइन लागतं. मुलगा पुण्यात. तिथून नांदेड-परभणीला यायला अख्खी रात्र जाते. त्या रात्रीचं काय?

"शेजारी हायेत की!" हे उत्तर आपल्याकडं ठरलेलं. शेजारी धावून येतातही. पण जेवणाआधीची गोळी कोणती, हे त्यांना कुठं माहीत? सगळी माहिती एकाच डोक्यात, आणि ते डोकं दवाखान्यात उशीवर.

तर आधी माणसं ठरवू. दोन हवीत, आणि त्यातलं एक भावकीबाहेरचं. लगीनसराईत अख्ख्या भावकीचं वऱ्हाड एकाच दिवशी निघतं. जाऊ आणि चुलतभाऊ अशी जोडी ठरवली, की नेमक्या अडचणीच्या दिवशी दोघंही एकाच मांडवात. पहिलं माणूस दहा मिनिटांत पोचणारं, किल्ली त्याच्याकडं. दुसरं रात्री मुक्कामाला राहू शकणारं. आणि म्हाताऱ्या माणसालाच विचारा, की अंघोळीला, संडासला कोणाचा हात चालेल? पुतण्या कितीही गुणाचा असू द्या, त्याला सांगायची लाज वाटते म्हणून माय पाणी पिणंच कमी करते. मे महिन्यात हे फार महागात पडतं.

ऊसतोडीच्या घरांचं गणित वेगळं. दसरा-दिवाळीनंतर जोडपं कारखान्यावर गेलं, की पाच-सहा महिने दुसरी फळी हीच पहिली. निघण्याआधी दर महिन्याच्या गोळ्या कोण आणणार, पैसे कोणाकडं राहणार, हे नावानिशी ठरवा आणि गावातल्या आशाताईच्या कानावर घाला.

(हातात कागद धरून) आता हे पान. एकच पान, ठळक अक्षरात, फ्रिजवर किंवा कपाटाच्या आतून चिकटवलेलं. वर नाव, वय, आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी. खाली गोळ्या. 'पांढरी छोटी गोळी' असं लिहू नका. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, एवढं लिहा. मेडिकलवाला पट्टी कापून देतो तेव्हा नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्याच तुकड्यावर राहते, म्हणून पूर्ण पट्टी मागा आणि दोन्ही बाजूंचा फोटो दोघांच्याही मोबाईलवर ठेवा. सकाळची गोळी राहिली म्हणून रात्री दोन द्यायच्या नाहीत, हेही त्याच पानावर हवं.

इन्सुलिन चालू असेल तर इथं जरा थांबा. नवखं माणूस सगळ्यात मोठी चूक सिरिंजमध्ये करतं. आपल्याकडं इन्सुलिनची बाटली बहुधा 40 ची, म्हणजे एका मिलिलीटरला 40 युनिट अशी असते, आणि तिला 40 ची, लाल टोपणाची सिरिंज लागते. घाईत कोणी 100 ची आणली आणि तिच्यावर 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर पोटात जातात फक्त 8 युनिट. उलटं झालं, म्हणजे इन्सुलिन 100 चं आणि सिरिंज 40 ची, तर 20 च्या जागी 50. यात जीव जाऊ शकतो. म्हणून बाटली आणि सिरिंज एकाच डब्यात, वर आकडा लिहून.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. उन्हाळ्यात लाईट गेली, की बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, सावलीला ठेवा. उघडल्याची तारीख बाटलीवर टाका, साधारण 28 दिवसांनी ती बाद.

दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, ही साखर उतरल्याची लक्षणं. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी मीटरवर तपासा, 70 च्या खाली असेल तर पुन्हा द्या. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, 108 लावायचा.

108 लावलं तरी गाडी शेतवस्तीवर आपोआप पोचत नाही. पानावर गाव, तालुका, फाट्याचं नाव आणि ओळखीची खूण लिहा. एकानं बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहायचं. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुततं, तेव्हा डांबरीपर्यंत कोणाचा ट्रॅक्टर निघेल, हे आजच बोलून ठेवा. आणि घाटी म्हणजे संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय, अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय की जवळचं ग्रामीण रुग्णालय, कुठं न्यायचं ते नेहमीच्या डॉक्टरांना आधीच विचारा.

पैशांबाबत एक गैरसमज. नॉमिनी असलेल्याला जिवंतपणी खात्यातून पैसे काढता येत नाहीत. त्यासाठी संयुक्त खातं लागतं, 'दोघांपैकी कोणीही' व्यवहार करू शकेल असं. एटीएमचा पिन कागदावर लिहिणं हा इलाज नव्हे.

70 वर्षं पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. वर्षाला 5 लाखांपर्यंतचा भरतीचा उपचार, उत्पन्नाची अट नाही. भरतीच्या दिवशीच काढायला गेलात, की कष्टानं झिजलेल्या बोटांचा ठसा लागत नाही आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला असतो. बाकी माहिती-मदतीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाईन 14567 आहे. ती अँब्युलन्स पाठवत नाही, हे लक्षात असू द्या.

इतकं झालं की तालीम. रोजचं सांभाळणारं माणूस 24 तास बाहेर, घर दुसऱ्या फळीच्या हाती. जितके फोन येतील तितक्या गोष्टी पानावर राहिल्यात. चष्मा कुठं, भाकरी दुधात कुस्करून द्यायची की नाही, कानाच्या मशीनचा सेल कोणता. त्या त्याच रात्री लिहून काढा.

डॉक्टरांनी गोळी बदलली की नवं पान करा आणि जुनं फाडून टाका. भिंतीवर दोन पानं असली, की घाईत हमखास जुनंच हाताला येतं.