कामोदक

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘मित्राचं सुतक’ असा छापलाय. तिकडे येणारच आहे मी. पण आधी डब्याची गोष्ट सांगू द्या, त्याशिवाय माझी गाडी पुढं सरकायची नाही.

सभागृहात कराडचे किती जण? हात वर करा बघू. अरे वा, पुष्कळ आहात! मग प्रीतिसंगम तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो, की आमच्या कृष्णा-कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि तिथून दोघी मिळून पूर्वेला वळतात. आज तिथं यशवंतरावांची समाधी आहे, बाग आहे. आमच्या लहानपणी घाट, वाळू आणि पाण्यात डुंबणारी पोरं, एवढंच होतं.

त्या पोरांत माझा मित्र. सगळा घाट त्याला ‘डबा’ म्हणायचा. कारण त्याच्याकडे गोड्या तेलाचा रिकामा डबा होता, तोंडाला डाग देऊन हवाबंद केलेला. तो पाठीला बांधायचा आणि पाण्यात उतरायचं, असं आमचं पोहण्याचं शिक्षण. सुंभाची दोरी पोटाला काचायची, पाठीवर तांबेरा लागायचा, घरी गेल्यावर आई त्यावरून ओळखायची. तो माझ्याहून वर्षाने मोठा, केव्हाच पोहायला शिकलेला. माझ्या पोटावरच्या दोरीखाली दोन बोटं घालून बघायचा. बोटं सहज गेली, की म्हणायचा, “गाठ सैल आहे. थांब.” पुन्हा सोडून पुन्हा बांधायचा. 1967चा अख्खा उन्हाळा माझा डब्यावरच गेला. डब्याशिवाय पाण्यात उतरायची छाती काही झाली नाही.

आणि मग 11 डिसेंबर. पहाटे चार वीसच्या सुमाराला जमीन गुरगुरली. फळीवरची भांडी खाली आली, कौलं घसरली, आम्ही सगळे अंथरुणातून थेट रस्त्यावर. कडाक्याची थंडी. कुणीतरी ओरडलं, “धरण फुटलं!” कोयनेचं धरण वरच्या अंगाला आणि आम्ही नदीकाठी. 1961चं पानशेत कुणी विसरलं नव्हतं. बायका रडायला लागल्या, कुणी म्हणे टेकाडाकडे चला, कुणी म्हणे म्हातारी माणसं कशी न्यायची. त्या गोंधळात अंधारातून टण टण आवाज करत कुणीतरी पळत आलं. हा. अनवाणी, अंगात नुसता सदरा, छातीशी डबा धरलेला.

एक शब्द न बोलता त्यानं मला पाठमोरं केलं आणि माझ्या स्वेटरवरून डबा बांधला. दोन बोटं घालून बघितली. मी विचारलं, “आणि तुला?”

“मला येतंय की पोहायला.”

एकशे तीन मीटर उंच धरणाचं पाणी येणार, या समजुतीनं अकरा वर्षांचा पोरगा आपल्याकडचा एकुलता एक डबा दुसऱ्याच्या पाठीला बांधतो. आजही ते आठवलं की मला बोलता येत नाही.

धरण उभं राहिलं. त्याला तडे गेले, ते पुढे बुजवले, मजबुती केली. पण कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. उजाडेपर्यंत मी डब्यासकट ओट्यावर बसून होतो. आजीनं आम्हा दोघांना एकाच घोंगडीत घेतलं होतं आणि डब्याचा गार पत्रा मध्ये येत होता.

गेल्या श्रावणात तो गेला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मला अडवलं. कागदावर रकाना होता, ‘रुग्णाशी नाते’. मी लिहिलं, मित्र. दारावरचा मुलगा म्हणाला, “काका, रक्ताचं नातं पाहिजे. बाहेर बसा.” दोन दिवस बाकावर बसलो. आत तो, बाहेर मी, मध्ये एक दार. शेवटचं बघणं झालं नाही. आणि चौथ्या दिवशी घरी बारशाचं बोलावणं आलं, “या ना, तुम्हाला कुठं सुतक आहे?” खरंच होतं ते. मला सुतक नव्हतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. मूळ मुद्दा भराभर सांगतो.

शास्त्रात मित्राला जागाच नाही, अशी माझीही समजूत होती. मग याज्ञवल्क्यस्मृतीतलं अशौचप्रकरण, म्हणजे सुतकाचा भाग, काढून बसलो. मेलेल्या सपिंडाला, म्हणजे जवळच्या भाऊबंदाला, पाणी देणं हे कर्तव्य, ते चुकवता येत नाही. त्याच्या पुढेच एक शब्द आहे, ‘कामोदक’. इच्छा असेल तर द्यायचं पाणी. ते कुणाला, त्याची यादी दिली आहे: लग्न होऊन गेलेली मुलगी, बहिणीचा मुलगा, सासरा, यज्ञ करणारा ऋत्विज. आणि या सगळ्यांच्या आधी, यादीतला पहिला शब्द, सखा. या स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वर सांगतो, की हे पाणी नाही दिलं तरी दोष लागत नाही.

काही शास्त्री मला म्हणाले, म्हणजे ते गौणच की. मला ते पटत नाही. सक्ती नसताना, कुणी विचारणार नसताना दिलेलं पाणी गौण कसं? त्या पहाटे डबा आणायची सक्ती त्याच्यावर कुणी केली होती? माझं मागणं लहान आहे. त्या कागदावर ‘मित्र’ लिहिलं तर दार उघडावं, आणि मित्र गेलेल्या माणसाला चार दिवस कुणी बारशाला बोलावू नये.

घंटा वाजली. एवढं सांगून थांबतो. सर्वपित्रीला मी प्रीतिसंगमावर गेलो, त्याचं नाव घेऊन तीन ओंजळी पाणी सोडलं. शेजारी पोरं पोहत होती. एकाच्या पाठीला प्लॅस्टिकचा कॅन होता. मी त्याला जवळ बोलावलं, दोरीखाली दोन बोटं घातली. सैल होती. सोडून पुन्हा बांधून दिली.