पाटावरून उठताना

(दृश्य: डिचोली तालुक्यातलं घर. पाऊस नुकताच थांबलाय, कौलांवरून थेंब गळताहेत. आत गणपतीच्या वर टांगायची माटोळी: सुपारीचे घोस, कवंडळं, आंबाडे. जमिनीवर पाट, शेजारी विळी.)

निवेदन:

चवथीच्या आदल्या दिवशी मावशी विळी घेऊन पाटावर बसली. पाच नारळ खवले आणि उठायला गेली, तर उठता येईना. दुखत काहीच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बाय, जरा हात दी गो."

मी हात दिला. ती उठली. 52 वर्षांची बाई, सणाची दगदग, थकली असेल, असं घरात सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. त्या रात्री फुगडीच्या वेळी ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि दरवर्षी सगळ्यांत शेवटी थांबणाऱ्या बाईला आज काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. कदंबाच्या बसची पायरी चढताना ती दांडा दोन्ही हातांनी ओढायची. वेणी घालताना हात वर राहीना, मध्येच खाली आणून मांडीवर ठेवायची. फळीवरचा डबा मला काढायला सांगायची. मुठीत मात्र जोर होता. भाकरीचं पीठ ती पूर्वीसारखंच मळत होती.

हा फरक मला तेव्हा कळला असता तर बरं झालं असतं. थकलेला माणूस विसावा घेतला की उठतो. मावशी रात्रभर झोपून सकाळी उठताना त्याच जागी अडकायची. कंबर, मांड्या, खांदे, दंड, म्हणजे धडाजवळचे मोठे स्नायू, दोन्ही बाजूंचे, आठवड्या-महिन्यांत हळूहळू कमजोर होत जाणं ही तिला झालेल्या आजाराची चाल आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर. मावशी खुर्चीवर, हात छातीशी घेऊन उठण्याचा प्रयत्न करते.)

आजाराचं नाव मायोसायटिस. स्नायूंचा दाह. संसर्गाशी लढायचं काम ज्या पेशींचं, त्याच स्वतःच्या स्नायूंवर उलटतात. हा एकच आजार नाही, एक कुटुंब आहे. डर्माटोमायोसायटिसमध्ये स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला होतो आणि त्वचेवर खुणा उमटतात. अँटिसिंथेटेज सिंड्रोममध्ये फुप्फुसंही सापडतात. कोरडा खोकला आणि धाप कधीकधी स्नायूंच्या आधी येते. नेक्रोटायझिंग प्रकारात स्नायूंचे तंतू झपाट्याने मरतात. आणि इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस हा पन्नाशीनंतरचा, जास्त करून पुरुषांना होणारा प्रकार. त्याची चाल उलटी: बोटांची पकड आणि मांडीचा पुढचा भाग आधी जातो, आणि स्टिरॉइडला तो दाद देत नाही. लहान मुलांनाही डर्माटोमायोसायटिस होतो.

मावशीला डर्माटोमायोसायटिस होता. पण तिथवर पोचायला सहा महिने गेले.

पहिले दोन महिने यकृतात गेले. एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले निघाले. लिव्हरला सूज आहे, तेल-मासे बंद, असं सांगितलं. मासे बंद म्हणजे आमच्या घरात अर्धं जेवण बंद. मावशीने तेही केलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतेय, कारण पुष्कळांच्या बाबतीत असं होतं: ही दोन्ही द्रव्यं यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. स्नायू झिजले तरी ती रक्तात वाढतात. रुग्ण अशक्त आहे आणि हे आकडे वाढलेले आहेत, तर स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके नावाची तपासणी करून घ्यायला हवी. ती साधी रक्ततपासणी आहे. प्रयोगशाळेनुसार फरक पडतो, पण साधारण 200 युनिटच्या आत आकडा असावा. मावशीचा नंतर 4,800 आला.

(दृश्य: डिचोली बाजार. एका दवाखान्याचा अर्धा उघडा दरवाजा. टेबलावर काचेच्या छोट्या बाटल्या, पांढऱ्या साखरेच्या गोळ्या.)

मधले तीन महिने होमिओपॅथीचे. त्याविषयी जरा थांबून बोलायचंय.

गोव्यात होमिओपॅथी परकी नाही. शिरोड्याला तिचं कॉलेज आहे, घराघरात त्या गोड गोळ्या आहेत. मावशीचा या डॉक्टरांवर वीस वर्षांचा विश्वास. त्यांनी तिला पाऊण तास बसवून विचारलं: थंडीत जास्त की उन्हात, झोप कशी, भीती कशाची, तहान किती. इतका वेळ तोवर तिला कुणी दिला नव्हता. घरी येऊन ती म्हणाली, "कुणीतरी ऐकून घेतलं गो." त्या दिवशी तिला खरोखरच बरं वाटत होतं.

या पद्धतीत निदानाच्या नावापेक्षा लक्षणांच्या एकूण चित्रावरून औषध निवडतात. स्नायूंच्या तक्रारींवर ऱ्हस टॉक्स, ब्रायोनिया, कॉस्टिकम, जेल्सेमियम ही नावं नेहमी ऐकू येतात. ऱ्हस टॉक्स एका विषारी वेलीपासून बनतं. पहिल्या हालचालीला आखडणं आणि हलत राहिलं की बरं वाटणं, हे त्याचं लक्षण मानतात. सॅम्युएल हानेमान यांनी 1796 मध्ये हा विचार मांडला आणि 1810 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तेव्हाचे डॉक्टर रुग्णाचं रक्त काढत, पारा पाजत. त्या काळात सौम्य गोळी हा रुग्णाला मोठाच दिलासा असला पाहिजे.

पण त्या गोळीत काय असतं? बाटलीवरचं 30 सी म्हणजे शंभर भागांत एक भाग, असं तीस वेळा पातळ केलेलं. गोव्यातलं साळावली धरण काठोकाठ भरलंय आणि त्यात औषधाचा एक थेंब टाकलाय अशी कल्पना करा. ते साधारण 8 सी झालं. 12 सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. 30 सी त्याच्याही अठरा पायऱ्या पलीकडे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले; होमिओपॅथी परिणामकारक आहे असा विश्वासार्ह पुरावा त्यांना कुठल्याच आजारासाठी मिळाला नाही. मायोसायटिसही त्याला अपवाद नाही.

मग "मला फरक पडला" असं माणसं म्हणतात, ती खोटं बोलतात का? मुळीच नाही. डर्माटोमायोसायटिसवर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, देण्याची एक मोठी चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. 95 रुग्ण. निम्म्यांना औषध, निम्म्यांना देखावा म्हणून नुसतं सलाईन, आणि कुणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नाही. सोळा आठवड्यांनी औषधवाल्यांपैकी 79 टक्क्यांत सुधारणा दिसली. सलाईनवाल्यांपैकी 44 टक्क्यांत.

44 टक्के, नुसत्या सलाईनवर. आजार आपणहून वरखाली होतो, आधीची औषधं चालू असतात, काळजी घेणारं माणूस भेटतं. हा आकडा वाचल्यापासून मी मावशीच्या "बरं वाटतंय" या शब्दांवर कधी शंका घेतली नाही, आणि ते पुरावा म्हणूनही कधी धरले नाहीत. सलाईनपेक्षा औषध किती पुढे गेलं, ते मोजावं लागतं.

तीन महिन्यांत तिचे स्नायू खंगत गेले. मग एके दिवशी पेज पिताना जोराचा ठसका लागला आणि पेज नाकातून आली. गिळण्याचे स्नायू सापडले होते. त्याच आठवड्यात ती गोळ्या आणायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा हात उजेडात धरला. बोटांच्या सांध्यांवर, नेमके हाडांच्या उंचवट्यांवर, लालसर जांभळे खडबडीत चट्टे. वरच्या पापण्यांवर तसाच जांभळट रंग. आम्ही त्याला ऊन लागलं समजत होतो. त्यांनी गोळ्या दिल्याच नाहीत. चिठ्ठीवर सीपीके लिहिलं आणि म्हणाले, "रिपोर्ट आला की माझ्याकडे नका येऊ, थेट बांबोळी गाठा."

(दृश्य: बांबोळी. गोमेकॉच्या बाह्यरुग्ण विभागाची रांग. फाइली छातीशी धरलेली माणसं.)

गोवा मेडिकल कॉलेजची परंपरा 1842 सालच्या पणजीतल्या वैद्यकशाळेपर्यंत जाते. तिथे मांडीचा एमआरआय, स्नायूंची विद्युत तपासणी, स्नायूचा तुकडा काढून बायोप्सी, रक्तातली प्रतिपिंडं, छातीचा सीटी स्कॅन, सगळं झालं. शिवाय कॅन्सरचा शोध. हे ऐकून घरात रडारड झाली, पण ते टाळू नये: मोठ्या वयात हा आजार झाला तर पहिल्या तीनेक वर्षांत कुठेतरी दडलेला कर्करोग सापडण्याची शक्यता वाढलेली असते. मावशीच्या बाबतीत काही निघालं नाही.

औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. सोबत प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून आमच्या कालनिर्णयावर प्रत्येक बुधवारभोवती लाल गोल आहे. स्टिरॉइडने तिचा चेहरा गोल झाला, साखर वाढली. एका लग्नात कुणीतरी म्हणालं, ही गोळी हाडं खाते, सोडून दे. तिने आम्हाला न सांगता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी उलट्या, चक्कर, अंथरुणातून उठवेना. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर आपलं बनवणं कमी करतं. एकदम थांबवलं की दोन्ही नाहीसं होतं. डोस डॉक्टरच उतरवतात, आठवड्याआठवड्याने, थोडा थोडा. होमिओपॅथीची गोड गोळी सोबत घेण्याने बिघडत नाही. ती घेतेय म्हणून स्टिरॉइड सोडणं, इथे माणसं दगावतात. आणि नाव नसलेली पुडी कुणीही दिली, तर आत काय आहे ते विचारा.

व्यायामाचं मला नवल वाटलं. पूर्वी या रुग्णांना पडून राहा म्हणत. 1990 च्या दशकापासून स्वीडनमधल्या आणि इतर संशोधकांनी दाखवलं, की जपून, तज्ज्ञाच्या नजरेखाली केलेला व्यायाम दाह वाढवत नाही, ताकद वाढवतो. मावशी उंच खुर्चीपासून सुरुवात करून दर पंधरवड्याला थोडी खालची बैठक घेत गेली. बाहेर पडताना छत्री आणि लांब बाह्या, कारण उन्हाने चट्टे पेटतात. पेज आता दाट, आणि सरळ बसून.

(दृश्य: पुढच्या वर्षीची चवथ. मावशी बुटक्या स्टुलावर बसून नारळ खवते. विळी टेबलाला बांधलेली.)

पाटावरून तिला अजून उठता येत नाही. स्टुलावरून येतं. सीपीके 310 वर आहे, प्रेडनिसोलोन दिवसाला साडेसात मिलिग्रॅम.

(दृश्य: डिचोलीतला तोच दवाखाना, संध्याकाळ.)

मावशीच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी तिच्या सगळ्या रिपोर्टची झेरॉक्स मागून घेतली होती. चित्रीकरणासाठी गेलो, तेव्हा कमजोरीची तक्रार घेऊन एक बाई आल्या होत्या. पाऊण तासाचे प्रश्न सुरू व्हायचे होते. त्याआधी डॉक्टरांनी स्वतः खुर्चीवर बसून, हातांची घडी घालून दाखवलं आणि म्हणाले, "हात न लावता अशा उठा बघू."