खुर्चीसकट विमानात

(विमानाचं दार)

इथपर्यंत ही प्रवासी स्वतः आली, स्वतःच्या व्हीलचेअरमध्ये, एका बोटाने जॉयस्टिक फिरवत. इथून पुढे खुर्ची खाली मालाबरोबर जाणार आणि ती वर.

ही अरुंद खुर्ची म्हणजे आइल चेअर. सीटांच्या रांगांमधून निघेल एवढीच रुंद. हात ठेवायला जागा नाही, मान सावरायला काही नाही. छातीवर आणि मांड्यांवर पट्टे आवळायचे, मागे कलती करून ओढत न्यायची. मग दोघांनी काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून सीटवर उचलून ठेवायचं. उतरताना हेच पुन्हा. कागदोपत्री याला मदत म्हणतात.

(धावपट्टीलगत, विमानाच्या पोटापाशी)

मोटारवर चालणारी खुर्ची अंगाच्या मापाने बेतलेली असते. पाठीचा कोन, गादी, पायांची उंची, सगळं एकाच माणसासाठी. वजन दीडशे किलोच्या वरही जातं. बोइंग 737 च्या मालकक्षाचं दार मात्र जेमतेम 90 सेंटिमीटर उंच. खुर्ची उभी जात नाही, मग पाठ दुमडायची. तेही जमलं नाही तर आडवी पाडायची. पुढचं दिसतंच आहे. 2023 या एका वर्षात अमेरिकी विमान कंपन्यांनी सरकारला कळवलेला आकडा असा: तुटलेल्या, हरवलेल्या किंवा उशिरा पोचलेल्या व्हीलचेअर आणि स्कूटर, 11,527.

(व्हॅनमध्ये खुर्ची चढते)

रस्त्यावर खुर्चीत बसूनच प्रवास करण्याचा प्रश्न केव्हाच सुटलाय. फरशीत चार कड्या, चार पट्टे, वरून प्रवाशाचा स्वतंत्र बेल्ट.

(चाचणी, संथ गतीत)

खुर्चीत पुतळा बसवलाय. ताशी 48 किलोमीटरच्या धडकेचा झटका, 20 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट. गाडीत बसून जायच्या व्हीलचेअरसाठीच्या अमेरिकेतल्या डब्ल्यूसी19 या मानकाला उतरायचं तर खुर्चीने हे सोसायला हवं. विमानाच्या सीटला समोरच्या दिशेने सोसावा लागतो 16 जीचा झटका. म्हणजे काम झालं? नाही. विमानात उभ्या दिशेने 14 जीची वेगळी चाचणी असते. शिवाय गादी किती पेट घेते, डोकं कुठे आपटतं, बॅटरीचं काय, हेही तपासतात. पण खुर्ची धडकेत टिकणारच नाही, असं आता कुणी म्हणू नये.

विमानातही स्वतःच्या खुर्चीत बसूनच प्रवास करता येईल का, याचा अभ्यास अमेरिकी संसदेने 2018 च्या कायद्यात मागितला. 2021 मध्ये राष्ट्रीय अकादमींचा, म्हणजे सरकारला वैज्ञानिक सल्ला देणाऱ्या संस्थांचा, अहवाल आला: 737 आणि एअरबस ए320 ची प्रवासी दारं बहुतेक खुर्च्यांना पुरतात, आणि कल्पना गुंडाळून ठेवावी अशी तांत्रिक अडचण दिसत नाही.

(हॅम्बुर्ग, जून 2023)

विमानाच्या अंतर्भागाचं प्रदर्शन. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या डेल्टा फ्लाइट प्रॉडक्ट्स या उपकंपनीने मांडलेला हा नमुना, एअर4ऑल या गटाच्या कल्पनेवरचा. नीट पाहा. नेहमीसारखी सीट. बसायचा भाग वर घडी झाला, खाली जागा मोकळी. खुर्ची पाठीकडून सरकत आत आली, जागेवर बसली, कुलूप लागलं. डोक्याचा आधार तिथेच, मधला कप्पाही तिथेच. कुणी कुणाला उचललं नाही.

आणि व्हीलचेअरवरचा प्रवासी नसेल तेव्हा? घडी उघडायची, तीच सीट कुणालाही विकायची. उत्पन्न बुडेल म्हणणाऱ्या कंपन्यांसाठी हा भाग आम्ही दोनदा दाखवतोय.

(पुन्हा तीच घडी, जवळून)

याने स्वच्छतागृहाचा प्रश्न सुटत नाही. तिथवर जाता येत नाही म्हणून प्रवासाआधी पाणी न पिणारे प्रवासी तसेच राहतात.

2024 च्या कायद्याने अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाला केबिनमध्ये खुर्ची बांधण्याच्या व्यवस्थेचा आराखडा करायला सांगितलंय. सीट मंजूर झाली तरी तिच्यात येणारी खुर्ची प्रत्येक कारखान्याची वेगळी, आणि आकाशातल्या चाचण्यांना उतरेल अशी खुर्ची बनवण्याचं काम त्या कारखान्यांनाही हाती घ्यावं लागेल.